पीएचपीत ओळ हवी तिथं तुटत नाही, नको तिथं तुटते

चप्पललाइन_वेब

नमस्कार मंडळी. कोल्हापुरी चपलांच्या एका दुकानाचं ऑर्डर पान आणि पार्सलवर चिकटवायचं लेबल, दोन्ही पीएचपीत केलंय. मोबाइलवरून मराठी कीबोर्डनं लिहितोय, म्हणून फंक्शनची नावं देवनागरीतच देतो, सांभाळून घ्या. घरी विंडोजवर झॅम्प (चाचणीसाठीचा स्थानिक सर्व्हर) आहे, पीएचपी ८.२. होस्टिंग लिनक्सवर, तिथं अजून ७.४ च आहे.

गिऱ्हाईक टेक्स्टएरियात पत्ता असा भरतं:

फ्लॅट ३, पंचगंगा अपार्टमेंट
राजारामपुरी ८ वी गल्ली
कोल्हापूर
४१६००८

ऑर्डरच्या पानावर हा सगळा पत्ता एका ओळीत दिसतो. व्ह्यू सोर्समध्ये मात्र ओळी वेगळ्या आहेत. मध्ये '\एन' जोडून बघितलं, तर पानावर चक्क बॅकस्लॅश आणि एन उमटतात.

लेबलाचं पान प्री टॅगमध्ये आहे. टेम्प्लेटमध्ये नाव, पत्ता, फोन एकाखाली एक लिहिलेत, तरी छापताना पिनकोडला फोन नंबर चिकटून येतो.

तिसरं त्रासाचं. तिसरी ओळ 'कोल्हापूर' असेल तर कुरिअर शुल्क लावायचं नाही. एक्सप्लोडला पीएचपी_ईओएल देऊन ओळी वेगळ्या केल्या. घरी बरोबर चालतं, होस्टिंगवर कोल्हापूरलाही शुल्क लागतं. मग प्रेग_स्प्लिटमध्ये '/\आर/' वापरलं (मोठा आर). बहुतेक पत्त्यांना शुल्काचं काम झालं, पण आता होस्टिंगवर लेबलाच्या पहिल्या ओळीचा पत्ताच गायब. खाली नुसतं 'पार्टमेंट' उरतं. घरी त्याच जागी चौकटीतलं प्रश्नचिन्ह येतं. इचलकरंजी आणि आजऱ्याच्या पत्त्यांना काही होत नाही.

---

तटाकडील_बॅकएंड

पहिल्याचं सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

नवीन ओळ म्हणजे पीएचपीसाठी एक साधा बाइट, आस्की १०. तो पीएचपी जसाच्या तसा ब्राउझरकडं पाठवतं, म्हणून व्ह्यू सोर्समध्ये ओळी तुटलेल्या दिसतात. पण एचटीएमएलच्या मजकुरात ब्राउझर स्पेस, टॅब आणि नवीन ओळ यांना एकाच मापानं मोजतो, आणि असे कितीही लागोपाठ आले तरी एकच स्पेस दाखवतो. पीएचपीनं काही खाल्लेलं नाही, ब्राउझरनं सपाट केलंय.

'\एन' तसंच उमटतं कारण ते एकेरी अवतरणात आहे. एकेरीत पीएचपी फक्त दोन गोष्टी ओळखतं: बॅकस्लॅशपुढं एकेरी अवतरण आणि बॅकस्लॅशपुढं बॅकस्लॅश. बाकी सगळं अक्षरशः जातं. दुहेरीत "\एन" लिहिलं की एक बाइट तयार होतो. अर्थात, तो पानावर पुन्हा स्पेसच दिसणार.

दाखवायचे दोन मार्ग. एनएल२बीआर प्रत्येक नवीन ओळीच्या आधी बीआर टॅग घालतं. मूळ बाइट तिथंच राहतो, काढून टाकला जात नाही, हे लक्षात ठेवा. पुढं त्याचाच घोळ होतो. दुसरा पॅरामीटर फॉल्स दिला तर तिरकी रेघ नसलेला साधा बीआर मिळतो. क्रम मात्र ठरलेला: आधी एचटीएमएलस्पेशलचार्स (टॅगची चिन्हं 'एस्केप' करणारं, म्हणजे नुसती अक्षरं म्हणून दाखवणारं फंक्शन), मग एनएल२बीआर. उलटं केलंत तर तुमचेच बीआर एस्केप होऊन पानावर अक्षरांत दिसतील. आणि 'मग एस्केपच नको' म्हणून ते काढून टाकलंत, तर पत्त्याच्या रकान्यात कुणीही स्क्रिप्ट टॅग भरून जाईल.

दुसरा मार्ग सीएसएसचा: त्या डिव्हला व्हाइट-स्पेस: प्री-लाइन. ओळी राहतात, जादा स्पेस गळतात. स्पेसही जपायच्या असतील तर प्री-रॅप. माझी पसंती यालाच, कारण मजकुराला हात लागत नाही. पण प्री-लाइन लावलेल्या डिव्हचा सुरुवातीचा टॅग आणि पत्त्याचा एको एकाच ओळीत लिहा. टॅगनंतर एंटर मारून, आत सरकवून लिहिलंत तर ते एंटरही आता दिसायला लागतं आणि पत्त्यावर एक कोरी ओळ येते.

दोन्ही मार्ग एकदम लावू नका. एनएल२बीआर आणि प्री-लाइन एकत्र आले की बीआरची एक ओळ आणि शिल्लक राहिलेल्या बाइटची एक, असं दुप्पट अंतर पडतं. 'मध्येच मोकळ्या ओळी का येतात' या प्रश्नाचं बहुतेक वेळा हेच उत्तर असतं.

अजून एक. एनएल२बीआर करून डेटाबेसमध्ये साठवायचं नाही. साठवलंत तर पत्ता दुरुस्त करायच्या टेक्स्टएरियात बीआर अक्षरांत दिसतात, आणि प्रत्येक सेव्हला आणखी एक थर चढतो. साठवताना कच्चं, दाखवताना शिजवलेलं.

---

उद्यमनगर_४

पिनकोडला फोन चिकटतो तो वेगळा प्रकार. तिथं खरोखर पीएचपीच ओळ खातं.

?> या बंद टॅगच्या लगेच मागं आलेली एक नवीन ओळ पीएचपी गिळतं. हा बग नाही, मुद्दाम केलंय. एडिटर फाइलच्या शेवटी एक नवीन ओळ ठेवतात. ती गिळली नसती तर इन्क्लुड केलेल्या प्रत्येक फाइलमागं पानात एक कोरी ओळ सांडली असती. टेम्प्लेटमध्ये मात्र तीच सोय उलटते. तुमचं लेबल बहुतेक असं असणार:

<?= $नाव ?>
<?= $पत्ता ?>
<?= $फोन ?>

(व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात बरं का, पीएचपी अडत नाही. टीममधलं कुणी मात्र अडेल.)

यातून नाव, पत्ता आणि फोन सलग बाहेर पडतात. पत्त्याच्या आतल्या ओळी टिकतात, कारण त्या स्ट्रिंगच्या आत आहेत; सांध्यावरच्या तेवढ्या जातात. नियम नेमका सांगायचा तर: फक्त एक नवीन ओळ, तीही ?> ला चिकटून असेल तरच. विंडोजवर सेव्ह केलेल्या फाइलीतली सीआर-एलएफ (सीआर म्हणजे आस्की १३, एलएफ म्हणजे आस्की १०) ही जोडी एकच धरली जाते. ?> नंतर एक स्पेस असेल तर ओळ गिळली जात नाही, पण ती स्पेसही बाहेर पडते. साध्या एचटीएमएलमध्ये हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तिथं ओळी टॅगनं तुटतात. प्री टॅग, सीएसव्ही आणि साध्या मजकुराचा मेल या तीन ठिकाणी हमखास दिसतं.

इलाज: प्रत्येक ओळीखाली एक कोरी ओळ सोडा. एक गिळली जाईल, एक उरेल. चालतं, पण पुढचा माणूस 'या रिकाम्या ओळी कशाला' म्हणून पुसून टाकतो. त्यापेक्षा <?= $नाव . "\एन" ?> असं लिहिलेलं बरं, हेतू दिसतो. लेबल मोठं असेल तर हेअरडॉक (अनेक ओळींची स्ट्रिंग दोन खुणांमध्ये लिहायची पद्धत) वापरा. त्यातल्या ओळी जशा लिहिल्या तशा राहतात, शेवटच्या खुणेच्या आधीची एक ओळ तेवढी धरली जात नाही. ७.३ पासून शेवटची खूण आत सरकवून लिहिता येते, आणि ती जितकी आत असेल तितकी मोकळी जागा सगळ्या ओळींमधून कापली जाते. तुमचं होस्टिंग ७.४ आहे, म्हणजे चालेल. फक्त फाइल विंडोज पद्धतीनं सेव्ह केली असेल तर हेअरडॉकमधूनही सीआर-एलएफच बाहेर येणार.

प्री टॅगचीही एक खोड आहे, ती ब्राउझरची. उघडणाऱ्या प्री टॅगनंतर लगेच आलेली पहिली नवीन ओळ एचटीएमएल पार्सर सोडून देतो. टेक्स्टएरियाचंही तसंच.

जाता जाता: ज्या फाइलीत नुसतं पीएचपी आहे तिथं शेवटचं ?> लिहूच नका. त्यामागं दोन एंटर पडले तर एक गिळलं जातं आणि दुसरं ब्राउझरकडं जातं. मग सेशन_स्टार्ट किंवा हेडर फंक्शन 'हेडर्स ऑलरेडी सेंट' म्हणून ओरडतं. झॅम्पच्या पीएचपी.इनिमध्ये आउटपुट_बफरिंग ४०९६ असेल आणि होस्टिंगवर ते बंद असेल, तर ही चूक घरी दिसतच नाही. फाइलीच्या सुरुवातीला बीओएमचे (एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेचे) तीन बाइट असले तरी तोच संदेश येतो, आणि ते बाइट एडिटरात डोळ्यांना दिसत नाहीत.

---

पन्हाळा_स्टॅक

एक्सप्लोडमध्ये पीएचपी_ईओएल चुकीचं नाही. होस्टिंगवर सर्व्हरची सेटिंग बदलून घ्या, चालेल.

---

रंकाळा_यूटीएफ८

@पन्हाळा_स्टॅक, अशी सेटिंग नसते. पीएचपी_ईओएल हा स्थिरांक ज्या ऑपरेटिंग सिस्टिमवर पीएचपी चालतंय तिचा असतो: विंडोजवर "\आर\एन", लिनक्सवर "\एन". गिऱ्हाइकाच्या मजकुराशी त्याचा संबंधच नाही. तो सर्व्हरवरच्या लॉग फाइलीत लिहायला किंवा कमांड लाइनवर छापायला ठीक.

फॉर्म पाठवताना टेक्स्टएरियातल्या ओळी ब्राउझर सीआर-एलएफ करूनच पाठवतो. एचटीएमएलचा मानकच तसा आहे. गिऱ्हाईक अँड्रॉइडवर असो, मॅकवर असो की लिनक्सवर. म्हणून विंडोजवर पीएचपी_ईओएल योगायोगानं जुळतं. लिनक्सवर नुसत्या एलएफला तुकडे पडतात आणि शेवटची ओळ सोडून प्रत्येक ओळीच्या शेपटीला एक सीआर लटकतो. व्हार_डम्प करून बघा: 'कोल्हापूर' मध्ये ९ कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं), प्रत्येकी ३ बाइट, म्हणजे २७ यायला हवेत. तिथं २८ दिसेल. बिन२हेक्समध्ये शेवटी '०डी' दिसतो, तोच हा सीआर. तुलना फसते ती त्या एका बाइटनं.

आता 'पार्टमेंट' चं. हा प्रकार मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावा असा आहे.

रेग्युलर एक्स्प्रेशनमधला बॅकस्लॅश-मोठा-आर म्हणजे 'कोणतीही नवीन ओळ'. त्यात सीआर-एलएफ, एलएफ, सीआर तर येतातच, शिवाय व्हर्टिकल टॅब, फॉर्म फीड आणि हेक्स ८५ (सोळाच्या पायात लिहिलेला बाइट, साध्या आकड्यांत १३३) हेही येतात. ८५ म्हणजे 'नेक्स्ट लाइन' नावाचं जुनं नियंत्रण अक्षर. पॅटर्नच्या शेवटी यू हा मॉडिफायर नसेल, तर इंजिन मजकूर यूटीएफ-८ म्हणून वाचत नाही, सुटे बाइट बघतं. आणि देवनागरीत 'अ' चे बाइट आहेत ई०, ए४, ८५. 'फ्लॅट' मधल्या चंद्राचे ई०, ए५, ८५. म्हणजे इंजिनला 'अ' च्या पोटात नवीन ओळ सापडते! ते तिथं कापतं, ८५ टाकून देतं आणि मागं दोन अर्धवट बाइट उरतात.

तुमच्या पहिल्या ओळीचे म्हणून तीन तुकडे होतात: 'फ्ल' आणि मोडके बाइट, मग 'ट ३, पंचगंगा' आणि मोडके बाइट, आणि शेवटी धड असलेला 'पार्टमेंट'. देवनागरीच्या मुख्य तक्त्यात शेवटचा बाइट ८५ असलेली चिन्हं ही दोनच. त्यामुळं इचलकरंजी, आजरा, गडहिंग्लज सुखरूप सुटतात आणि अर्जुनवाड, अब्दुल लाट अडकतात. 'अॅड.' हे अ वर चंद्र देऊन टाइप केलेलं असेल तर त्यात ८५ दोनदा येतो. 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर वापरलं असेल तर एकदाही नाही. चाचणीसाठी नेहमीची चार गावं घेतली तर हा दोष वर्षभर लपून राहू शकतो.

घरी प्रश्नचिन्ह आणि होस्टिंगवर गायब, हा फरक एचटीएमएलस्पेशलचार्सचा. ८.१ पासून ते मोडक्या बाइटच्या जागी बदली खूण ठेवतं. त्याआधीच्या आवृत्त्यांत, वेगळा फ्लॅग दिला नसेल तर, मोडका बाइट दिसला की अख्खी स्ट्रिंग रिकामी परत येते. ७.४ वर म्हणून दोन तुकडे पूर्ण गेले. डेटाबेसमधला पत्ता शाबूत आहे, काळजी नको. मोडतोड छापताना होते.

उपाय: '/\आर/' च्या मागं यू लावा. एवढ्यानं सुटेल. मात्र यू असताना मजकूर मुळातच अवैध यूटीएफ-८ असेल तर प्रेग_स्प्लिट फॉल्स परत देतं, ते तपासा.

पण या कामाला रेग्युलर एक्स्प्रेशनची गरजच नाही. मजकूर हातात आला की पहिलं काम हे: एसटीआर_रिप्लेसला ["\आर\एन", "\आर"] असा ॲरे द्या आणि बदली म्हणून "\एन". ॲरेतला क्रम पाळा, जोडी आधी. सुटा सीआर आधी दिलात तर प्रत्येक जोडीच्या दोन ओळी होतील. हे फंक्शनही बाइटच बघतं, तरी इथं धोका नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये १२८ पेक्षा लहान बाइट कधीच दुसऱ्या अक्षराच्या आत येत नाही. १० आणि १३ दोन्ही त्यात बसतात, हेक्स ८५ म्हणजे १३३ बसत नाही. त्यानंतर एक्सप्लोडला "\एन" द्या आणि प्रत्येक तुकड्यावर ट्रिम चालवा. 'कोल्हापूर' पुढची चुकून पडलेली स्पेसही जाईल.

---

चप्पललाइन_वेब

यू लावला, अपार्टमेंट परत आलं. पण बदली करायचा मार्गच ठेवतोय. लेबलही सुटलं.

दोन शेपट्या राहिल्यात. पत्ता जास्तीत जास्त २५० अक्षरांचा आहे, टेक्स्टएरियात मॅक्सलेंग्थ २५० आणि कॉलम व्हारकॅर २५०. तरी काही ऑर्डरींना 'डेटा टू लाँग' येतं. आणि व्हॉट्सॲपवर पत्ता पाठवायचं बटण काही ऑर्डरींवर दाबलं तरी काहीच होत नाही. कन्सोलमध्ये सिंटॅक्स एरर आहे.

---

रंकाळा_यूटीएफ८

पहिलं तेच सीआरचं. ब्राउझर मॅक्सलेंग्थ मोजताना एक एंटर म्हणजे एक अक्षर धरतो, पाठवताना दोन पाठवतो. पाच एंटर असलेला काठोकाठ २५० चा पत्ता सर्व्हरवर २५५ होऊन उतरतो. मायएसक्यूएल व्हारकॅरमध्ये बाइट नव्हे, अक्षरं मोजतं, पण सीआर हेही त्याच्या लेखी अक्षरच. स्ट्रिक्ट मोड आहे म्हणून निदान एरर आली. नसता तर शेवटचे आकडे गुपचूप कापले गेले असते, आणि शेवटी पिनकोड असतो. आधी बदली, मग एमबी_स्ट्रलेन, मग साठवण. साधं स्ट्रलेन वापरू नका, ते मराठी अक्षराचे तीन मोजतं. गिऱ्हाइकाला मात्र '२५० अक्षरं' असं लिहून दाखवू नका. 'क्षि' हे त्याच्या दृष्टीनं एक अक्षर, मोजणीत चार.

---

तटाकडील_बॅकएंड

बटणाचं कारण: जावास्क्रिप्टच्या अवतरणांत पत्ता थेट एको केला असणार. साध्या अवतरणांतल्या स्ट्रिंगमध्ये जावास्क्रिप्टला खरी नवीन ओळ चालत नाही. एंटर असलेला पत्ता आला की तो अख्खा स्क्रिप्ट ब्लॉक वाचायचाच थांबतो. एका ओळीत पत्ता लिहिणाऱ्यांचं बटण म्हणून चालतं. ॲडस्लॅशेसनं काम होणार नाही, ते अवतरणांपुढं बॅकस्लॅश घालतं, नवीन ओळीला शिवत नाही.

जेसन_एन्कोड वापरा, भोवती स्वतःची अवतरणं न घालता. ती ते स्वतः घालतं. जेसन_हेक्स_टॅग हा फ्लॅगही द्या. देवनागरी अक्षरं यू आणि आकड्यांच्या सांकेतिक रूपात दिसतील, त्यानं बिघडत नाही. मजकुरात मोडके बाइट असतील तर जेसन_एन्कोड फॉल्स देतं, म्हणजे वरचं ८५ चं प्रकरण इथंही डोकं वर काढू शकतं.

व्हॉट्सॲपच्या दुव्यात मजकूर पीएचपीतूनच भरत असाल तर रॉयूआरएलएन्कोड. नवीन ओळीचं %०ए होतं आणि संदेशात ओळ बरोबर तुटते. तिथं बीआर किंवा एनएल२बीआर काहीही नको, समोरच्याला टॅग अक्षरांत दिसतील. साध्या मजकुराच्या मेललाही हेच लागू.

---

उद्यमनगर_४

जुन्या ऑर्डरींमध्ये सीआर राहिलेत, ते एकदा झाडून घ्या. टेबलाचा बॅकअप काढा, मग पत्त्याच्या कॉलमवर अपडेट चालवा: मायएसक्यूएलच्या रिप्लेसनं '\आर' च्या जागी रिकामी स्ट्रिंग. मायएसक्यूएलमध्ये एकेरी अवतरणातही '\आर' हा एस्केप ओळखला जातो, पीएचपीसारखं नाही. फॉर्ममधून आलेल्या प्रत्येक सीआरमागं एलएफ असतोच, त्यामुळं ओळी जात नाहीत. एक्सेलमधून किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून पत्ते आयात केले असतील तर सुटा सीआर असू शकतो, तेव्हा आधी जोडीची बदली आणि मग उरलेल्या सुट्याची, त्याच्या जागी '\एन'.

त्याच वेळी लाइक '%<बीआर%' लावून शोधा. मधल्या काळात कुणी एनएल२बीआर करून साठवलं असेल तर त्या ओळी तिथं सापडतील. तिथं नुसता टॅग पुसायचा; त्याच्या मागची खरी नवीन ओळ एनएल२बीआरनं ठेवलेलीच असते, टॅगच्या जागी आणखी एक घातलीत तर पत्ता दुप्पट लांब होईल आणि लेबलाबाहेर जाईल.